ग्रांफू ते कुंझुम: पाणी चढण्याआधी

(दृश्य: पहाट. हिमाचलमधलं चंद्रा नदीचं खोरं. दगडधोंड्यांतून जाणारी एकटी जीप.)

मनालीहून अटल बोगद्यातून बाहेर पडलं की डावीकडे केलांग आणि लेह. उजवीकडे कोकसर, ग्रांफू आणि पुढे स्पीती. ग्रांफू ते बातल अंतर पन्नासेक किलोमीटर. नकाशावर दीड तासाचं वाटतं, पण अर्धा दिवस हाताशी ठेवा.

इथला धोका दरीपेक्षा पाण्याचा जास्त. छत्रू, छोटा दर्रा, बातल... वाटेत हिमनद्यांचे नाले थेट रस्त्यावरून वाहतात. रात्री थंडीने बर्फ वितळणं मंदावतं, म्हणून पहाटे पाणी कमी. ऊन चढलं की दुपारनंतर तोच नाला फुगतो आणि तळातले दगड सरकवतो. सकाळी दुसऱ्याची गाडी सहज गेली, म्हणून दुपारी आपलीही जाईल हा हिशेब इथे चुकतो.

(दृश्य: नाल्याकाठी थांबलेली गाडी. समोरून ट्रक पाण्यात उतरतो.)

थांबा. ट्रकची चाकं कुठून जातात ते पाहा. पाण्यात उतरायच्या आधीच फोर बाय फोर (चारही चाकांना ताकद) आणि लो रेंज (वेग कमी, जोर जास्त) लावा. पहिला गिअर, एकसारखा ॲक्सिलरेटर. मध्येच क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचा नाही. गाडी खोल पाण्यात बंद पडलीच, तर पुन्हा स्टार्टर मारू नका. इंजिनात पाणी शिरलं असेल, तर पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. बाहेर आल्यावर ब्रेक हलके दाबून सुकवून घ्या.

सह्याद्रीच्या घाटात तयार झालेल्या हाताला वळणं नवी नाहीत. चढणाऱ्या गाडीला आधी वाट, उतारावर ब्रेकपेक्षा गिअरवर भिस्त, हे इथेही तसंच. नवी आहे ती उंची. कुंझुम खिंड साडेचार हजार मीटरच्या वर. हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साठ टक्क्यांहूनही कमी. इंजिनाला धाप लागते, ड्रायव्हरलाही. बोगद्यामुळे मनालीहून एका दिवसात चंद्रताल सरोवराजवळचा मुक्काम गाठता येतो. आमच्या मते हीच त्याची वाईट बाजू! दोन हजारांवरून थेट सव्वाचार हजार मीटरवर झोपायला जाऊ नये. वेळ असेल तर शिमला, किन्नौरमार्गे हळूहळू चढत स्पीतीत या आणि परतीला हा रस्ता घ्या.

(दृश्य: कुंझुम माता मंदिराला प्रदक्षिणा घालणाऱ्या गाड्या.)

स्पीतीतलं मुख्य गाव काझा सोडलं की परतीच्या या वाटेवर पेट्रोलपंप नाही, मोबाइलचा भरवसा नाही. टाकी तिथेच भरा. बातलला पोचेपर्यंत दुपार कलली आणि पुढच्या नाल्याचा आवाज वाढला असेल, तर तिथल्या ढाब्यावर रात्र काढा.