‘डोया’ वाचणारी मुलगी

नमस्कार श्रोतेहो.

आजचं बोलणं खास करून डी.एल.एड., म्हणजे प्राथमिक शिक्षक होण्याची पदविका करणाऱ्या पोरापोरींशी आहे. यवतमाळ, वाशीम, बुलढाणा, गडचिरोली, जिथून ऐकत असाल तिथून ऐका. आंतरवासितेसाठी, म्हणजे प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावासाठी, तुम्ही गावातल्या शाळेत जाल आणि पहिली-दुसरीचा वर्ग तुमच्या हाती येईल. मुलाला वाचायला शिकवायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे मला त्या वयात कुणी नीट सांगितलं नव्हतं. त्याची किंमत एका मुलीनं मोजली.

नोकरीचं दुसरं वर्ष. दुसरीतली ती मुलगी धडा वाचत होती. पुस्तकात होतं ‘डोळा’, ती म्हणाली ‘डोया’. मी थांबवलं, “डोळा म्हण.” ती पुन्हा ‘डोया’ म्हणाली. तिसऱ्यांदा थांबवल्यावर ती खाली बसली आणि त्या वर्षी माझ्यासमोर मोठ्यानं वाचलीच नाही. आपल्या वऱ्हाडी बोलण्यात काळा ‘काया’ होतो, केळी ‘केयी’ होते, खुद्द शाळेची ‘शाया’ होते, हे मीही याच मातीतला असून त्या वेळी विसरलो.

ती बरोबर वाचत होती. अक्षर ओळखलं, शब्द जुळवला, अर्थ मनात आला आणि मग तिच्या घरच्या उच्चारात तो बाहेर पडला. ज्याला ‘ळ’ ओळखता येत नाही, तो ‘डोका’ वाचेल नाहीतर ‘डो’वरच अडकेल. कानाला दोन्ही चुका सारख्या वाटतात. म्हणून शब्दावर बोट ठेवून विचारा, “याचा अर्थ काय?” त्या मुलीनं लगेच स्वतःच्या डोळ्याला हात लावला असता. प्रमाण उच्चार यथावकाश येतो, तोही शिकवायचाच आहे. पण वाचन चालू असताना मध्येच नाही.

१९८६ साली गफ आणि टनमर या अभ्यासकांनी वाचनाचं एक सोपं सूत्र मांडलं. लिपी उलगडता येणं आणि भाषा समजणं, या दोहोंचा गुणाकार म्हणजे वाचून समजणं. बेरीज नव्हे बरं, गुणाकार! एका बाजूला शून्य असलं की उत्तर शून्य. आपल्या बहुतेक मुलांकडे बोलीचा आकडा मोठा असतो. पऱ्हाटी म्हणजे कपाशी, वावर, तूर, तान्हा पोळा, हे सगळं त्यांना माहीत असतं. अडतं ते लिपीशी.

आता या लिपीविषयी जरा सविस्तर. चौतीस व्यंजनं आणि प्रत्येकाची बाराखडी धरली तर चारशेच्या घरात अक्षरं होतात. ती ओळीनं पाठ करून घेणारे वर्ग मी खूप पाहिले. मूल ‘क का कि की’ सुरात म्हणतं, पण एकट्या ‘के’वर बोट ठेवलं की पुन्हा ‘क’पासून म्हणत येतं. त्यापेक्षा थोडी अक्षरं आणि एखादी मात्रा एकत्र घ्या. क, म, ल आणि काना, एवढ्यावर काम, काल, मका, माल, लाल, काका, मामा तयार होतात. पहिल्या आठवड्यातच मूल अर्थाचं काहीतरी वाचतं. मग पुढचा गट.

काही अवघड जागा आधीच ओळखून ठेवा. ‘दिवस’मध्ये डोळ्याला वेलांटी आधी दिसते, तोंडात मात्र ‘द’ आधी येतो. ‘र’ तर चक्र, सूर्य, ट्रक आणि आपलं वऱ्हाड, अशा चार ठिकाणी चार रूपं घेतो. तिथं मूल चुकलं तर ते मठ्ठ आहे असं समजू नका, लिपीच तिथं वळण घेते.

अक्षरांच्याही आधी कान तयार व्हावा लागतो. यालाच ध्वनीजाणीव म्हणतात. पाटी-पुस्तक बाजूला ठेवा. प-ऱ्हा-टी, तीन टाळ्या. ‘का’नं सुरू होणारे शब्द सांगा: कापूस, काकडी, काडी. हा खेळ शाळेच्या ओट्यावरही होतो.

गुणाकारातलं दुसरं शून्य मेळघाटात दिसतं. घरी कोरकू बोलणारं मूल मराठी अक्षरं जुळवायला शिकतं, खडाखडा वाचतं, पण काय वाचलं ते सांगता येत नाही. यवतमाळात कोलामी, भामरागडकडे माडिया. या भाषा मराठीच्या कुळातल्याही नाहीत. तिथं लिपीचा सराव दुप्पट करून उपयोग नाही; आधी मराठी कानावर पडली पाहिजे, गोष्टीतून, चित्रांतून, कामातून, आणि मुलाच्या भाषेतल्या शब्दाला वर्गात जागा मिळाली पाहिजे. २०२०चं शैक्षणिक धोरणही म्हणतं की शक्य तिथं किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवावं. तुम्हाला ती भाषा येत नसेल तर मुलांकडून रोज दोन शब्द शिका. त्यांना त्याचा किती आनंद होतो ते बघाच.

लिहिण्याचं थोडक्यात सांगतो. तान्ह्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुलांना विचारा, काय केलं? कुणी म्हणेल, “म्या लाकडाच्या बैलाले झूल घातली.” ते वाक्य फळ्यावर जसंच्या तसं लिहा. होय, ‘म्या’ आणि ‘बैलाले’सकट. मग सगळ्यांनी मिळून वाचा. आपण बोललेलं लिहिता येतं आणि लिहिलेलं पुन्हा तसंच वाचता येतं, हे त्या क्षणी मुलाला उमगतं. पुस्तकी रूप खाली दुसऱ्या ओळीत लिहा, आधीची ओळ पुसू नका.

लहान मुलांना वाचन आणि गणिताचा पाया मिळावा म्हणून केंद्र सरकारनं ५ जुलै २०२१ रोजी सुरू केलेल्या निपुण भारत अभियानात तिसरीअखेर मिनिटाला किमान ६० शब्द, तेही समजून वाचावेत, अशी अपेक्षा आहे. घड्याळ लावून शब्द मोजणारे पुष्कळ भेटतील. तुम्ही ‘समजून’ धरून बसा.

वर्ग हाती आला की पहिल्या आठवड्यात प्रत्येक मुलाला एकेकटं जवळ बसवा. पाच मिनिटं वाचू द्या, मध्ये बोलू नका. कुठं अडलं, कुठं बदलून वाचलं आणि अर्थ सांगता आला का, एवढं वहीत तारीख टाकून लिहा. जे मूल वाचायला उभंच राहत नाही, त्याच्याजवळ आधी जा.

नमस्कार.