पणजोबा लढाईला का गेले नाहीत?

नमस्कार मंडळी! आज खास ब्रिटनमधल्या आपल्या मराठी घरांसाठी बोलतोय, कारण आता बऱ्याच घरांत सून नाहीतर जावई इथलाच असतो, आणि पोरं वंशावळ शोधायला बसली की एका बाजूचे पणजोबा साताऱ्याला सापडतात आणि दुसऱ्या बाजूचे थेट साउथ वेल्सच्या ऱ्होंडा खोऱ्यात, कोळशाच्या खाणीत. मग प्रश्न येतोच. १९१७ साल, पहिलं महायुद्ध चालू, पंचविशीतला धडधाकट माणूस, आणि मिलिटरीत नाव कुठेच नाही, म्हणजे पळपुटा होता की काय?

अहो, एवढ्यात निकाल नका लावू. सक्तीच्या भरतीचा कायदा झाला जानेवारी १९१६मध्ये, आधी १८ ते ४१ वयाचे बिनलग्नाचे, मग मे महिन्यात लग्न झालेलेही. पण नौदलाची जहाजं, रेल्वे, तोफगोळ्यांचे कारखाने, सगळंच कोळशावर, आणि त्याआधीच दोन लाखांहून जास्त खाणकामगार आपणहून फौजेत गेलेले, आता कोळसा काढणार कोण? म्हणून सूट. आणि ती द्यायला खास खाणकामगारांसाठी वेगळी कोलियरी रिक्रूटिंग कोर्टं होती, गावातल्या ट्रायब्युनलकडे, म्हणजे भरतीतून सूट मागणाऱ्यांचे अर्ज ऐकणाऱ्या मंडळाकडे, सहसा जावं लागत नसे.

पण सूट म्हणजे काही कायमचा पट्टा नव्हता हां. ऑगस्ट १९१५नंतर खाणीत शिरलेल्यांची सूट पुढे काढून घेतली, लढाई चुकवायला आत घुसलेत असा सरळ संशय होता, आणि १९१८च्या सुरुवातीला तर आणखी ५० हजार खाणकामगार उचलायचं ठरलं. त्यामुळे माणूस खाणीत कधी उतरला हे आधी काढा. १९११ची जनगणना बघा, १९२१चीही बघा, तिच्यात मालकाचं नावसुद्धा असतं. आणि माझं आवडतं म्हणजे पोरांचे जन्मदाखले! युद्धाच्या वर्षांत मूल झालं असेल तर बापाचा धंदा लिहिलेला असतो, खाणीत असला तर तसं, फौजेत असला तर बऱ्याचदा हुद्दा, रेजिमेंट आणि जुना धंदाही.

ट्रायब्युनलच्या कागदांवर फार भिस्त ठेवू नका. १९२१मध्ये ते नष्ट करायचा हुकूम निघाला, नमुना म्हणून ठेवले ते लंडनला लागून असलेल्या मिडलसेक्सचे आणि स्कॉटलंडमधल्या लोदियन-पीबल्सचे. आता मिडलसेक्समध्ये कोळशाची खाण कुठे आहे सांगा! आणि सैनिकांच्या फाइलीत नाव नसणं हाही पुरावा नाही, १९४०च्या बॉम्बहल्ल्यात त्यातल्या निम्म्याहून जास्त जळाल्या. मेडलची कार्डं मात्र वाचलीत, परदेशी लढाईवर गेलेल्यांची बहुतेक सगळी तिथे सापडतात.

तिथे रॉयल इंजिनियर्स, म्हणजे फौजेचं इंजिनियर दल, असं दिसलं तर टनेलिंग कंपनी होती का तेही बघा, १९१५पासून खाणकामगारांना तिकडे मुद्दाम घ्यायचे, जर्मन खंदकांखाली भुयारं खणायला.