चार आठवड्यांची कानस: बिननालाच्या शिंगरांचे खूर

[दृश्य: नुकतंच जन्मलेलं शिंगरू, अजून उभं न राहिलेलं. कॅमेरा पायाच्या तळाशी.]

जन्मलेल्या शिंगराच्या खुराखाली मऊ, पिवळसर झालरी लोंबत असतात. ओल्या अळंबीसारख्या दिसणाऱ्या. पहिल्यांदा पाहणारा हमखास दचकतो. पोटातल्या पिल्लाच्या टोकदार खुराने घोडीचं गर्भाशय फाटू नये म्हणून आलेलं हे वेष्टण आहे. शिंगरू उभं राहून चालू लागलं की एखाद-दुसऱ्या दिवसात ते वाळतं, झिजतं आणि गळून जातं. त्याला कात्री लावू नका, ओढून काढायलाही जाऊ नका.

या झालरी गळेपर्यंत खुराची वाढ सुरूसुद्धा झालेली असते. मोठ्या घोड्याचा खूर महिन्याला साधारण 6 ते 10 मिलिमीटर वाढतो, शिंगराचा 12 ते 15. म्हणजे खूर भराभर बदलतो आणि वरची हाडंही तितक्याच घाईने पक्की होत असतात. घोट्याच्या सांध्याजवळची वाढीची पट्टी, म्हणजे हाड जिथून लांबतं ती जागा, आपलं बहुतेक काम पहिल्या तीन-चार महिन्यांतच उरकते. गुडघ्याच्या वरची पट्टी त्यामानाने सवडीने, वर्षभराहूनही जास्त चालते. घोट्यापासून पाय आत-बाहेर वळला असेल, तर कानशीने त्याला मदत करायची मुदत इतकीच. सहाव्या महिन्यात नालबंदाला बोलावणाऱ्या मालकाची ती मुदत आधीच संपलेली असते.

म्हणून पहिली कानस एक ते दोन महिन्यांच्या वयात आणि त्यानंतर दर चार आठवड्यांनी. मोठ्या घोड्यांचं सहा ते आठ आठवड्यांचं वेळापत्रक इथे चालत नाही.

[दृश्य: सपाट, कडक जमीन. घोडी पुढे, शिंगरू मागे. कॅमेरा समोरून, मागून, मग बाजूने.]

पाय उचलण्याआधी चाल बघा. समोरून आणि मागून पाहताना खुराची कोणती बाजू आधी टेकते ते टिपा. बाजूने पाहताना खुराची पुढची भिंत आणि तिच्यावरचं तिरकं हाड एका सरळ रेषेत आहेत का ते पाहा. ती रेषा मोडलेली दिसली तर कुठे मोडलीय ते लिहून ठेवा. दर वेळी त्याच जागी, त्याच उंचीवरून फोटो काढला तर पुढच्या महिन्यात वाद उरत नाही.

इथे एक नेहमीची चूक होते. शिंगराची छाती अरुंद असते, त्यामुळे पुढचे दोन्ही पाय थोडे बाहेर वळलेले दिसतात. संपूर्ण पायच बाहेर वळलेला असेल, गुडघाही त्याच दिशेला पाहत असेल, तर छाती भरली की पाय आपोआप सरळ येतात. असा पाय घासघासून ‘सरळ’ केला, तर छाती भरल्यावर तोच आत वळतो. बिघाड आपण केलेला असतो आणि दोष मात्र वाणाला दिला जातो.

[दृश्य: एक जण शिंगराला भिंतीच्या कडेला धरून उभा. दुसरा पाय उचलतो. घोडी हातभर अंतरावर.]

कामाला माणसं दोन हवीत, आणि घोडी नजरेसमोर. पाय जमिनीजवळ, शिंगराच्या पोटाखालीच धरायचा. बाजूला खेचला की सांध्याला कळ लागते आणि शिंगरू झगडू लागतं. सुरुवातीला दहा सेकंद पुरेत. पाय सोडून द्यायचा नाही, हाताने जमिनीवर टेकवायचा. ही सवय पहिल्या आठवड्यापासून रोज लावली की पहिल्या कानशीच्या दिवशी कुस्ती होत नाही.

आता खुराचा तळ. कडेने जाते ती भिंत. तिच्या आत बारीक पिवळसर-पांढरी रेषा, त्याच्या आत तळवा. टाचेकडून पुढे निमुळता होत जाणारा, रबरासारखा त्रिकोण म्हणजे पुतळी, ज्याला फ्रॉगही म्हणतात. शिंगराच्या खुरात चाकूचं काम जवळजवळ नसतंच. तळवा पातळ असतो आणि तोच आतल्या हाडाची ढाल आहे, म्हणून तो खरवडायचा नाही. पुतळीही तासायची नाही, सुटून लोंबणारी चिंधी असेल तेवढीच काढायची.

कानस बारीक बाजूने धरा. आधी दोन्ही टाचा एका पातळीत आणा. चालताना जी बाजू कमी झिजली ती उंच राहिलेली असते. तिच्यावर दोन-चार फेऱ्या, मग पाय खाली ठेवून पुन्हा बघा. शेवटी भिंतीची बाहेरची कड सगळीकडून गोल करा. एवढंच. एका बैठकीत सगळं वाकडेपण काढायला गेलात, तर सांध्याच्या एका बाजूवर अचानक ताण येतो आणि दुसऱ्या दिवशी शिंगरू लंगडतं.

[दृश्य: कड गोल केलेला खूर आणि तशीच धारदार सोडलेली कड, शेजारी शेजारी.]

या गोल कडेला कमी लेखू नका. बिननालाच्या खुराची कड वाढून पुढे आली की ती पाऊल उचलताना तरफेसारखी काम करते. प्रत्येक पावलाला भिंत बाहेर ओढली जाते, पांढरी रेषा ताणून रुंद होते आणि त्या फटीत माती, शेण, जंतू जातात. आधी कडेचे टवके उडतात, मग उभी चीर वर चढते. चिरेला वरून मलम चोपडून काही होत नाही. खालची ओढ थांबवली की वरून नवा, अखंड खूर उतरतो. फट खोल असेल, आत भुसभुशीत करडा चुरा निघत असेल, तर तो पोकळ भाग जाणकाराकडून उघडून हवेशीर करावा लागतो.

[दृश्य: चार महिन्यांचं शिंगरू. एक पुढचा खूर उभट, दुसरा नेहमीसारखा.]

सर्वांत जास्त लक्ष द्यायचं ते इथे. एक ते सहा महिन्यांच्या वयात एखाद्या पुढच्या पायाची टाच झपाट्याने उंच होऊ लागते, पुढची भिंत खडी होते, नंतर खोलगट वाकते. याला क्लब फूट म्हणतात. मूळ दुखणं वरच्या भागात असतं: पायामागून खुरातल्या हाडापर्यंत जाणारा खोल स्नायूबंध आणि त्याचा स्नायू आखडून खुरातलं हाड मागे खेचत असतो. वाढीचा अचानक वेग, जादा खुराक, पायात कुठेतरी राहिलेलं दुखणं, यांतलं काहीही त्याला निमित्त होतं. लांब पायांची, आखूड मानेची शिंगरं चरताना तोच एक पाय पुढे टाकतात, मागे राहणारा खूर उभट होत जातो.

सौम्य अवस्थेत दर दोन आठवड्यांनी टाच थोडी थोडी उतरवतात, खुराक कमी करतात, पशुवैद्य दुखणं शोधतात. टाच कापून एका दिवसात कोन बरोबर आणायचा मोह टाळा. स्नायूबंध लांब होत नाही, टाच हवेत राहते आणि सगळा भार टोकावर येऊन भिंत आतून फाटते. कापल्यावर टाच जमिनीला टेकत नसेल, तर काम कानशीच्या पलीकडचं आहे. पुढची भिंत उभ्या रेषेच्याही पुढे झुकली तर बहुधा शस्त्रक्रिया हाच मार्ग उरतो. तीही कोवळ्या वयातच चांगली साधते.

याच्या उलट, नवजात शिंगराचा खूर कधी मागे लवतो, टोक वर उचललं जातं. हे बहुधा एक-दोन आठवड्यांत थोड्या फिरण्याने सुधारतं. आधार म्हणून पट्टी बांधू नका, तिने सैल स्नायूबंध आणखी सैल पडतो.

[दृश्य: हूफ पिक, म्हणजे खूर साफ करायचा आकडा, टाचेकडून टोकाकडे फिरतंय. पुतळीच्या बाजूच्या खाचेतून काळा, ओला गाळ.]

रोजची सफाई टाचेकडून टोकाकडे. पुतळीच्या दोन्ही बाजूंच्या खाचा आधी, मधली खाच नंतर. निरोगी मधली खाच उथळ, अंगठा टेकेल इतकी पसरट असते. ती अरुंद चीर झाली असेल, काळा पाझर आणि नाकात बसणारी दुर्गंधी असेल तर तो थ्रश, म्हणजे पुतळीचं कुजणं. ओल्या मुतऱ्या जागेत उभं राहणं आणि न फिरणं ही त्याची मुळं. खाच धुऊन पूर्ण कोरडी करा, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनमध्ये भिजवलेला कापूस हलकेच आत बसवा, रोज बदला. फॉर्मालिन, ब्लीच, रॉकेल नको. ते जंतूंबरोबर जिवंत पेशीही जाळतात. आणि जागा कोरडी केली नाही तर बारा महिने औषध लावूनही उपयोग होणार नाही.

खाण्याबद्दल थोडक्यात. कॅल्शियम फॉस्फरसपेक्षा जास्त हवं, साधारण दीडपट. कोंड्याचं प्रमाण उलटं असतं, म्हणून नुसत्या कोंड्यावर वाढवलेल्या शिंगराची हाडं कच्ची राहतात. मोठ्या घोड्याला दिवसाला 20 मिलिग्रॅम बायोटिन या जीवनसत्त्वाने खुरात फरक दिसायला सहा ते नऊ महिने लागतात. सेलेनियम हे खनिज मात्र अंदाजाने घालू नका: ते जास्त झालं की आयाळ-शेपटीचे केस गळतात आणि खूर वरच्या कडेजवळ आडवा फाटतो.

[दृश्य: घोट्याच्या मागे दोन बोटं ठेवून नाडी पाहणारा हात.]

रात्री ठीक असलेला घोडा सकाळी पाय टेकवत नसेल, खूर गरम असेल आणि घोट्यामागची नाडी ठणकताना लागत असेल, तर वर्ष-दोन वर्षांच्या घोड्यात बहुधा खुरात पू साठलेला असतो. तो उघडून वाहता करणं, मग कोमट पाण्यात एप्सम मीठ घालून पंधरा-वीस मिनिटं पाय बुडवणं, स्वच्छ पट्टी आणि धनुर्वाताची लस, असा उपचार. दूधपित्या शिंगराचं गणित वेगळं आहे. त्याने अचानक पाय उचलून धरला, तर खुरापेक्षा सांध्यातला संसर्ग आधी तपासावा लागतो आणि पशुवैद्य त्याच दिवशी, काही तासांत यायला हवा.

खिळा रुतलेला दिसला तर हात पटकन पुढे जातो. जमेल तर उपटू नका. भोवती जाड पट्टी बांधून तो आणखी आत जाणार नाही असं करा, एक्स-रेत त्याची दिशा दिसू द्या. काढावाच लागला, तर त्या जागी खूण करा, किती खोल आणि कुठल्या कोनात होता ते लगेच लिहा. पुतळीतून किंवा तिच्या बाजूच्या खाचेतून आत गेलेला खिळा सांध्यापर्यंत पोचलेला असू शकतो, मग वरचं छिद्र कितीही बारीक दिसो.