इंदूरच्या मिशन अनाथाश्रमात सहकुटुंब सेवेला जाताना

(टोरंटो परिसरातील मराठी मंडळाच्या मेळाव्यात झालेल्या भाषणाचा संपादित मजकूर)

नमस्कार मंडळी.

मुलाबाळांसह इंदूरला जाऊन एखाद्या ख्रिस्ती मिशनच्या अनाथाश्रमात दोन-चार वर्षं काम करायचं, असा विचार आपल्यातली काही कुटुंबं करताहेत. कोणी चर्चमार्फत निघालंय, कोणी ख्रिस्ती नसूनही. लोकमान्यनगरात नाहीतर रामबागेत आजोबांचं घर, घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, त्यामुळे आपण परदेशी चाललोय असं मनात येतच नाही. पण हातात कॅनडाचा पासपोर्ट असेल तर सरकारदरबारी तुम्ही परदेशीच. कागदांची निम्मी गडबड इथूनच सुरू होते.

वाट मात्र जुनी आहे. कॅनडाचे प्रेस्बिटेरियन मिशनरी माळव्यात 1877 मध्ये पोहोचले. होळकर दरबाराशी त्यांचं सुरुवातीची बरीच वर्षं पटलं नाही. तरी 1887 मध्ये इंदूर ख्रिश्चन कॉलेज सुरू झालं. त्यानंतरच्या दशकात दुष्काळ पडले आणि मध्य हिंदुस्थानात ठिकठिकाणी अनाथालयं निघाली. पंडिता रमाबाईंनी 1896-97च्या दुष्काळात मध्य प्रांतातून मुली आणल्या, तेही याच काळातलं. तेव्हा मुलांचे आईबाप खरोखरच भुकेनं गेलेले होते. आज तसं नाही, आणि जाण्याआधी हेच नीट समजून घ्यायला हवं.

इंदूरच्या आसपासच्या संस्थांमध्ये झाबुआ, अलीराजपूर, धार, बडवानी इथली भिल, भिलाला, बारेला मुलं बरीच असतात. दिवाळीनंतर आईबाप गुजरातेत बांधकामावर जातात आणि होळीच्या आधी, भगोरियाच्या जत्रेला परततात. मधल्या महिन्यांत मुलाला कुठेतरी ठेवायचं, म्हणून ते आश्रमात येतं. कोणाची आई दुसऱ्या घरी गेलेली, कोणाचा बाप दारूत बुडालेला, पण आजी धडधाकट. पाटीवर 'अनाथ' असलं तरी बहुतेक मुलांना घरचं कोणीतरी आहे. त्यामुळे तिथे जाऊन त्यांचे नवे आई-बाबा व्हायचा बेत असेल तर तो इथेच सोडून द्या. मुलाचं घर पुन्हा उभं राहील का, हे बघणं हे संस्थेचं पहिलं काम आणि तुमचं काम त्याला हात लावण्याचं. केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत अशा मुलाला घरीच ठेवून सांभाळण्यासाठी दरमहा 4,000 रुपयांची प्रायोजकत्वाची मदत मिळू शकते. तिचे अर्ज भरणं, आजीचं बँक खातं उघडून देणं, आधारकार्डावरचं नाव आणि शाळेतलं नाव जुळवणं, यातल्या एका कामानं जे साधतं ते महिनाभर गाणी शिकवून साधत नाही.

आता संस्था कशी पारखायची ते सांगतो. बालन्याय कायदा 2015च्या कलम 41 खालची नोंदणी मागा. ती पाच वर्षांची असते, तारीख बघा. 'आमचं छात्रावास (वसतिगृह) आहे, आम्हाला नोंदणी लागत नाही' असं उत्तर आलं तर तिथेच थांबा. अनाथ किंवा निराधार मुलं ठेवायची आणि पाटी छात्रावासाची लावायची, ही पळवाट जुनी आहे. पकडली गेली की एका दिवसात मुलांची रवानगी दुसरीकडे होते, कलम 42 खाली संचालकांवर गुन्हा दाखल होतो, आणि परदेशी पासपोर्टवाला त्या इमारतीत सापडला तर त्याची चौकशी वेगळीच. दुसरा कागद म्हणजे प्रत्येक मुलामागे बालकल्याण समितीचा आदेश. सापडलेलं किंवा कोणी आणून सोडलेलं मूल 24 तासांच्या आत समितीपुढे न्यावं लागतं. फादरनी, सिस्टरनी किंवा पाद्रीसाहेबांनी परस्पर ठेवून घेतलं, ही सबब चालत नाही. आणि एखाद्या बाळावर जीव जडला म्हणून 'आपणच वाढवू' असं ठरवता येत नाही. दत्तक फक्त 'कारा'च्या, म्हणजे केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, वाटेनं. बाकी सगळं कलम 80 खाली गुन्हा, तीन वर्षांपर्यंत कैद.

इमारत डोळ्यांनी मोजता येते. बालन्याय कायद्याच्या आदर्श नियमांप्रमाणे शयनगृहात दर मुलामागे 40 चौरस फूट, सात मुलांमागे एक संडास, दहांमागे एक न्हाणीघर. म्हणजे 40 मुलांना 1,600 चौरस फूट झोपायला, सहा संडास, चार न्हाण्या. संडास सहा असून दोनांना कुलूप असेल तर चारच धरा.

व्हिसाचं थोडक्यात. भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं की सगळं मोकळं, असा समज आहे. तो चुकीचा आहे. मार्च 2021च्या अधिसूचनेप्रमाणे ओसीआय असला तरी मिशनरी कामासाठी आधी विशेष परवानगी लागते, इथल्या भारतीय वकिलातीतून किंवा तिथल्या एफआरआरओकडून, म्हणजे परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडून. आता हिशेब लिहिणं, स्वयंपाक, नर्सिंग हे मिशनरी काम झालं का? तुम्हाला चर्च पाठवतंय आणि पत्रात 'मिशनरी' लिहिलंय, तर अधिकारी तसंच वाचणार. परवानगी घेऊनच निघा, वाद तिथे जाऊन घालू नका. ओसीआय नसलेल्यांसाठी मिशनरी व्हिसा किंवा एनजीओत मानद काम करण्याचा शेरा असलेला एम्प्लॉयमेंट व्हिसा, आणि मुक्काम 180 दिवसांच्या वर असेल तर पोहोचल्यापासून 14 दिवसांत नोंदणी. ई-टूरिस्ट व्हिसावर बिनमोबदला स्वयंसेवा जास्तीत जास्त एक महिना चालते. त्यावर वर्ष काढायला जाऊ नका.

बाकी कागद इथूनच न्या. जन्मदाखले, लग्नाचा दाखला, पदव्या, मुलांची प्रगतिपुस्तकं. 11 जानेवारी 2024पासून कॅनडात अपोस्टिल, म्हणजे परदेशात चालणारं कागदांचं प्रमाणन, मिळतं, त्यामुळे पूर्वीसारख्या वकिलातीच्या फेऱ्या उरल्या नाहीत. आरसीएमपीची, म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांची, बोटांच्या ठशांवरची तपासणी आणि स्थानिक पोलिसांची व्हल्नरेबल सेक्टर तपासणी (मुलांसारख्या दुबळ्यांबरोबर काम करणाऱ्यांची असते ती), दोन्ही करून घ्या, संस्थेनं मागितली नाहीत तरी. खरं तर जी संस्था ही मागत नाही तिच्याबद्दल शंका घ्यावी. ओन्टारियोच्या आरोग्य विम्याला निघण्यापूर्वी कळवा, बारा महिन्यांत 153 दिवस इथे राहण्याची अट आहे, आणि लांबच्या मुक्कामाची सवलत मागावी लागते, आपोआप मिळत नाही. तिथल्या बहुतेक शाळांचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, इथलं जूनअखेर संपतं. तुमच्या मुलाचे तीन महिने कुठून तरी कापले जाणार, ते कुठले हे आधी ठरवा.

पैशांचा विषय मंडळासाठी जास्त महत्त्वाचा, कारण मागे राहिलेले आपण मदत पाठवणार. देणाऱ्याचा पासपोर्ट भारतीय असेल आणि पैसे त्याच्या स्वतःच्या बचतीतले, बँकेमार्फत गेले, तर ती परकीय देणगी नाही. पासपोर्ट कॅनडाचा असेल तर ती परकीय देणगी, मग खिशात ओसीआय असो, रक्कम रुपयांत असो, नाहीतर इंदूरच्या बँकेतल्या खात्यातून दिलेली असो. अशी देणगी फक्त एफसीआरए, म्हणजे परकीय देणगी नियमन कायद्याखाली, नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेली संस्था घेऊ शकते, आणि तीही स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच. एका नोंदणीकृत संस्थेनं दुसरीला ते पैसे पुढे देणं 2020पासून बंद आहे. प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत. वस्तूसुद्धा यात येतात, म्हणून संस्थेसाठी बॅगेत घालून नेलेले चार लॅपटॉप 'असेच' देऊ नका, पावती करा. प्रेमापोटी कोणी सिस्टरांच्या खासगी खात्यात पैसे टाकले, तर अडचणीत सिस्टर येतात.

धर्माबद्दल स्पष्ट बोलतो, इथे सगळ्या प्रकारची मंडळी बसली आहेत. मध्य प्रदेशात 1968पासून धर्मस्वातंत्र्याचा कायदा होता, 2021मध्ये त्या जागी नवा आला. अल्पवयीन, स्त्री किंवा अनुसूचित जाती-जमातीतली व्यक्ती असेल तर बेकायदा धर्मांतराला दोन ते दहा वर्षं कैद आणि किमान 50,000 दंड. आश्रमातलं आदिवासी मूल यातल्या दोन गटांत बसतं, मुलगी असेल तर तिन्हींत. संस्थेत संध्याकाळची प्रार्थना असेल, ती तिच्या रीतीनं चालेल. तुम्ही मुलांना बायबलची पुस्तकं वाटणं, मुलाचं नाव बदलून हाक मारणं, हे करू नका. घरचे भगोरियाला न्यायला आले आणि समितीची परवानगी असेल तर 'तिथे दारू असते' म्हणून मूल अडवू नका. फोटोचंही तसंच. बालन्याय कायद्याच्या कलम 74 प्रमाणे मुलाची ओळख उघड होईल असं काहीही छापता येत नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. आपल्या मंडळाच्या व्हॉट्सॲप गटालाही तो लागू आहे. 'किती गोड' लिहिण्यापुरता चेहरा मागू नका.

आता रोजचं काम. तुमचं खरं मोल मागच्या अंगणात आहे: पाणी, कोठी, दवाखाना, हिशेब. मुलांना अंघोळ घालणं, झोपवणं, रात्री कुशीत घेणं हे कायमच्या मावश्यांचं. दर सहा महिन्यांनी नवा पाहुणा जीव लावून निघून गेला की लहान मूल येईल त्याच्या गळ्यात पडायला शिकतं. त्याला आपण प्रेमळपणा समजतो, बालमानसतज्ज्ञांना ती धोक्याची खूण वाटते. संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनंही 2019मध्ये बालहक्कांच्या ठरावात अनाथाश्रमातल्या स्वयंसेवा-पर्यटनाच्या धोक्यांवर उपाय करायला सांगितलं. दोन वर्षांपेक्षा कमी काळ जाणाऱ्या कुटुंबानं मुलांच्या खोल्यांत काम मागूच नये, असं माझं मत आहे.

पाणी घ्या. इंदूरला नर्मदेचं पाणी नदीकाठच्या जलूदहून येतं आणि बऱ्याच भागांत एक दिवसाआड. वसतिगृहाचं भारतीय मानक माणशी 135 लिटर. 40 मुलांचे दिवसाला 5,400, दोन दिवसांचे 10,800, म्हणजे 12,000 लिटरची टाकी हवी. ब्लीचिंग पावडर हजार लिटरला साधारण अडीच ग्रॅम, म्हणजे भरलेल्या टाकीला 30. ती तशीच ओतायची नसते. आधी थोड्या पाण्यात कालवून लापशी करा, मग पाणी वाढवून ढवळा, दहा मिनिटं ठेवा, चुना खाली बसला की वरचं निवळ टाकीत घाला आणि एक तास थांबा. चुन्यासकट ओतलं की टाकीच्या तळाशी थर बसतो. आणि पावडरीचं पोतं उघडं, ओलसर जागी पडलं असेल तर तिच्यातला क्लोरीन उडून गेलेला असतो. मापानं घातली तरी काम होत नाही. हवाबंद डबा, छोटी पाकिटं, आणि नळाला क्लोरीन येतो का ते चाचणीच्या थेंबांनी बघणं, एवढं एका माणसानं रोज केलं तर पोटाची निम्मी दुखणी टळतात. पिण्याचं पाणी तरीही उकळाच.

सकाळी पोहे. 50 माणसांना तीन किलो जाडे पोहे. तीन किलो एकाच पातेल्यात भिजवले की खालचे लगदा होतात, वरचे कोरडे राहतात. किलो-किलोनं चाळणीत धुवा, निथळू द्या, हळद, मीठ, साखर लावा, फोडणी देऊन मोठ्या पातेल्यातल्या उकळत्या पाण्यावर वाफेला ठेवा, इंदूरचे पोहेवाले ठेवतात तसे. मग शेवटचा मुलगा आंघोळ करून येईपर्यंत मऊ राहतात. बडीशेप विसरू नका. जीरावण मसाला मुलं स्वतः घेतील, डबा मात्र लपवून ठेवा. गॅसची टाकी 19 किलोची व्यावसायिकच हवी. घरगुती 14.2 किलोची वापरली तर तपासणीत पहिला शेरा त्याचाच. आणि ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, घरगुती घातक, ई-कचरा असे सहा डबे. इंदूरची कचरागाडी मिसळलेला कचरा घेत नाही, तुम्ही कॅनडाहून आलात म्हणूनही नाही.

खरूज हा आश्रमांचा जुना पाहुणा. डॉक्टर परमेथ्रिन 5 टक्के मलम देतात. मानेपासून तळपायापर्यंत, बोटांच्या बेचक्यांत, नखांखाली, रात्री लावून आठ ते चौदा तासांनी धुवायचं, आणि सात दिवसांनी पुन्हा. फसतं ते इथे: खाजवणाऱ्या पाच मुलांनाच लावतात. बाकीच्यांच्या अंगात किडा असतो, खाज अजून सुरू झालेली नसते, महिन्याभरात सगळं परत. म्हणून एकाच रात्री सगळी मुलं, सगळ्या मावशी, तुम्ही आणि तुमची मुलंसुद्धा. चादरी-कपडे गरम पाण्यात, जे धुता येत नाही ते पिशवीत बांधून आठवडाभर बाजूला. उपचारानंतरही दोन-चार आठवडे खाज राहते. ती पाहून रोज मलम चोपडू नका, कातडी जळते.

तुमच्या मुलांचं काय? ती आश्रमाच्या आवारात वाढणार, पण रात्री तुमच्या घरी झोपणार. कुठल्याही मोठ्या माणसानं एका मुलाबरोबर बंद खोलीत एकटं असू नये, हा नियम दोन्हीकडच्या मुलांना सारखा. लैंगिक छळाची शंका जरी आली तरी पॉक्सो, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्याच्या, कलम 19 प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेच्या अब्रूसाठी दाबलं तर दाबणाराही गुन्हेगार. 1098 हा चाइल्ड हेल्पलाइनचा नंबर भिंतीवर मुलांच्या उंचीला लावा, ऑफिसात नाही.

परतायचं ठरलं की तारीख मुलांना तीन-चार आठवडे आधी सांगा, परीक्षेच्या दिवसांत सांगू नका, आणि 'पुढच्या वर्षी येतो' हे विमानाचं तिकीट हातात असल्याशिवाय बोलू नका. कोठीच्या किल्ल्या, औषधांची यादी, क्लोरीनची वही आणि बँकेतली तुमची सही, या चार गोष्टी निघण्याच्या किमान पंधरा दिवस आधी दुसऱ्याच्या हाती द्या, म्हणजे त्याच्या शंका तुम्ही तिथे असतानाच निघतील.