काचेची पेटी, लाकडी बाक आणि दारावरची थाप

(पुण्यातील एका वाचनालयाच्या व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचे हे संपादित रूप आहे. गरीब देशांत तयार झालेली उत्तरे श्रीमंतांच्या प्रश्नांना कशी लागू पडतात, हा त्याचा विषय.)

मित्रहो, माझी थोरली मुलगी 1994 साली याच शहरात जन्मली, तेव्हा तिचे दिवस भरलेले नव्हते आणि वजन दीड किलोच्याही आत होते. जन्मल्याबरोबर तिला काचेच्या पेटीत ठेवले गेले. तिची आई वरच्या मजल्यावरील खाटेवर होती, आणि दिवसातून दोनदा, ठरलेल्या वेळी, दाराच्या काचेतून बाळ पाहण्याची तिला मुभा होती. तेवीस दिवस असे गेले. त्या रुग्णालयाचे नाव मी घेणार नाही, कारण तेथील डॉक्टर आणि परिचारिका मनापासून काम करत होत्या आणि त्या काळी उत्तम म्हणून जे मानले जाई तेच त्यांनी केले. आई आणि बाळ यांच्यामध्ये काच असणे हीच प्रगत उपचारांची खूण आहे, असे आम्हीही मानत होतो.

ती काच अनावश्यक असू शकते हे तोपर्यंत जगात एका ठिकाणी उमगलेले होते, आणि ते ठिकाण लंडन किंवा बोस्टन नव्हते. 1978 साली कोलंबियाची राजधानी बोगोटा येथील एका मोठ्या सरकारी प्रसूतिरुग्णालयात एदगार रेय या बालरोगतज्ज्ञांपुढे अडचण होती ती पेट्यांच्या तुटवड्याची. एका पेटीत दोन-दोन, तीन-तीन बाळे ठेवावी लागत, त्यामुळे जंतुसंसर्ग पसरे, आणि आठवडेच्या आठवडे बाळापासून दूर राहिलेल्या काही माता त्याला घेण्यासाठी परत येतच नसत. रेय यांनी आणि पुढे त्यांचे सहकारी एक्तोर मार्तिनेस यांनी जे केले ते सांगायला अगदी साधे आहे. प्रकृती स्थिर झालेले बाळ उघड्या अंगाने आईच्या उराशी उभे बांधायचे, अंगावरचे दूध पाजायचे, लवकर घरी पाठवायचे आणि ठरलेल्या दिवशी तपासणीला न चुकता बोलवायचे. आईच्या अंगाची ऊब, तिच्या श्वासाची लय आणि तिचे दूध या तीन गोष्टींनी पेटीचे पुष्कळसे काम केले. या पद्धतीला पुढे ‘कांगारू मातृसेवा’ हे नाव मिळाले.

गरिबांची तडजोड म्हणून ही पद्धत अनेक वर्षे बाजूला ठेवली गेली. पेट्या परवडत नाहीत त्यांनी हे करावे, परवडतात त्यांनी पेट्या घ्याव्यात, असा एकंदर भाव होता. आज पेट्यांची कसलीही वाण नसलेल्या स्वीडनमध्ये नवजात विभागाच्या आत आई-वडिलांची खाट असते आणि बाळ तासन्‌तास त्यांच्या छातीवर असते. 2021 साली घाना, भारत, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया येथील पाच रुग्णालयांत झालेल्या मोठ्या चाचणीचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. आपल्याकडचे रुग्णालय होते दिल्लीचे सफदरजंग. बाळ स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मल्यापासूनच त्याला उराशी ठेवले, तर पहिल्या 28 दिवसांतील मृत्यूंचे प्रमाण 15.7 टक्क्यांवरून 12 टक्क्यांवर येते, असे त्यात दिसले. त्यासाठी अतिदक्षता विभागाचा आराखडाच बदलावा लागला, कारण आईची खाट आत आणायची तर भिंत कोठे असावी, दार कोणाला उघडे असावे आणि परिचारिकेने एकाच वेळी दोघांकडे कसे पाहावे, हे सारे नव्याने ठरवावे लागते. माझ्या लेखी ‘डिझाइन’ या शब्दाचा अर्थ हाच. माणसांनी एकमेकांच्या किती जवळ असावे हे ठरवणारी मांडणी, एवढाच तो अर्थ आहे.

हा अर्थ धरला म्हणजे श्रीमंत देशांचे आजचे काही प्रश्न वेगळे दिसू लागतात. ब्रिटनने 2018 साली एकाकीपणाचा विषय एका मंत्र्याकडे सोपवला आणि 2021 साली जपाननेही तसेच केले. 2023 साली अमेरिकेच्या सर्जन जनरलनी, म्हणजे सार्वजनिक आरोग्याच्या प्रमुख सरकारी अधिकाऱ्यांनी, एकाकीपणावर स्वतंत्र सूचनापत्र काढले. या देशांत पैसा आहे, रुग्णालये आहेत, मानसोपचारतज्ज्ञ आहेत, आणि तरीही माणसाजवळ बसायला माणूस कमी पडतो. याच्या उलट, माणसे आहेत पण पैसा, रुग्णालये आणि तज्ज्ञ यांची वाण ज्यांनी सोसली, त्यांच्याकडे उत्तरे तयार झाली आहेत.

झिम्बाब्वेचे डॉ. डिक्सन चिबांडा यांचे उदाहरण मला सर्वांत मोलाचे वाटते, म्हणून त्यावर थोडा अधिक वेळ घेतो. सव्वा कोटीच्या आसपास लोकसंख्या आणि मानसोपचारतज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके, अशी त्या देशाची स्थिती होती. त्यांच्या उपचाराखालील एका तरुणीला त्यांच्यापर्यंत यायचे होते, पण बसभाड्याचे पैसे नव्हते, आणि तिने जीव दिला. हे चिबांडा स्वतः जाहीरपणे सांगत आले आहेत. उपचार रुग्णालयात आहे आणि दुःख घरात आहे, ही दरी त्यांना या घटनेने दाखवली. 2006 साली हरारेच्या एम्बारे वस्तीत त्यांना मदतीला मिळाल्या त्या चौदा आज्या, ज्या आधीपासून वस्तीत आरोग्याचे काम करत होत्या. दवाखान्यात खोली मिळाली नाही म्हणून बाहेर झाडाच्या सावलीत लाकडी बाक ठेवले. आज्यांना ऐकून घेण्याचे आणि प्रश्न एक-एक करून सोडवण्याचे प्रशिक्षण दिले गेले, पण शब्द त्यांचेच ठेवले. ‘नैराश्य’ या वैद्यकीय संज्ञेऐवजी शोना भाषेतील ‘कुफुंगीसिसा’, म्हणजे अतिविचार, हा शब्द वापरायचा. आधी मन मोकळे करणे, मग उभारी, मग बळ, अशा पायऱ्याही शोना भाषेतच ठेवल्या. आपल्याकडेही ‘मला नैराश्य आले आहे’ असे कोणी म्हणत नाही, ‘डोक्यात सारखे विचार चालू असतात’ असे म्हणतात. 2016 साली हरारेतील 24 दवाखान्यांत 573 रुग्णांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. सहा महिन्यांनंतर बाकावर बसलेल्यांपैकी सुमारे 14 टक्के लोकांत नैराश्याची लक्षणे उरली होती, तर नेहमीचे उपचार घेणाऱ्यांत ती जवळजवळ निम्म्या लोकांत होती.

हे बाक पुढे न्यूयॉर्कमध्ये गेले. तेथे आज्यांच्या जागी व्यसनातून किंवा मानसिक आजारातून स्वतः सावरलेली माणसे बसली. हा बदल मला योग्य वाटतो. हरारेत आजीपाशी जो अधिकार वयाने येतो, तो न्यूयॉर्कच्या रस्त्यावर सोसलेल्या अनुभवाने येतो, हे कोणीतरी नीट ओळखले. नुसते बाक नेले असते तर बागेत आणखी एक बसण्याची जागा झाली असती.

अशी नुसती वस्तू नेण्याची चूक होते, आणि तिचे उदाहरण आपल्या घरातच आहे. ब्राझीलमधील कुरितिबाने 1974 पासून आणि बोगोटाने 2000 च्या अखेरीस जलद बसमार्ग उभे केले, आणि जगभरातील शहरांनी ते पाहून आपले आराखडे केले. आपण 2006 साली कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर भारतातील पहिला प्रयोग केला. पण तिकीट बसमध्ये चढण्यापूर्वी काढणे, थांब्याची आणि बसमधल्या जमिनीची उंची एक असणे, मार्गिका सलग असणे आणि पायी येणाऱ्याला थांब्यापर्यंत निर्धोक वाट असणे, हे सगळे मिळून तो बसमार्ग होतो. आपण रस्त्यावर पट्टा आखला आणि बाकीचे मागे राहिले.

न्यूयॉर्कलाही असा अनुभव आला. मेक्सिकोने 1997 पासून मुलांची शाळा आणि तपासण्या या अटींवर गरीब मातांच्या हाती थेट पैसे दिले, आणि त्याचा चांगला परिणाम दिसला. न्यूयॉर्कने 2007 साली तीच कल्पना घेतली, पण अटी वीसहून अधिक झाल्या, आणि कोणत्या गोष्टीचे किती पैसे हे समजून घेणेच कुटुंबांना जड गेले. पैसे मिळत होते तोवर गरिबी कमी झाली. लहान मुलांच्या शिक्षणात मात्र फारसा फरक दिसला नाही, आणि 2010 साली ती योजना थांबली.

याउलट लंडनच्या पिम्लिको भागातील एका वसाहतीत 2021 साली सुरू झालेले काम मला आशादायक वाटते. मॅथ्यू हॅरिस हे इंग्रज डॉक्टर काही वर्षे ब्राझीलमध्ये काम करत होते. तेथे आरोग्यसेविका शंभर-दीडशे घरे वाटून घेते आणि दर महिन्याला प्रत्येक दारी जाते, कोणी आजारी असो वा नसो. आपल्या जामखेडला रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी 1970 पासून गावातल्याच बायकांना शिकवून जे उभे केले, त्याच्याशी याचे नाते आहे. लंडनमध्ये त्याच धर्तीवर चार जणांनी काम सुरू केले. तक्रार नसतानाही दारावर थाप पडते, हा त्यातला गाभा आहे. जो मदत मागत नाही त्याच्यापर्यंत पोचण्याची सोय रुग्णालयाच्या रचनेत मुळातच नसते.

याच हॅरिस यांनी 2017 साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग सांगायलाच हवा. सुमारे साडेतीनशे इंग्रज डॉक्टरांना संशोधनाचे सारांश वाचायला दिले. मजकूर तोच, फक्त संशोधन कोणत्या देशातले हे बदलले. श्रीमंत देशाचे नाव असताना तोच सारांश त्यांना आपल्या कामाच्या दृष्टीने अधिक उपयोगाचा आणि सहकाऱ्याला सुचवण्याजोगा वाटला. हे वाचून मला त्यांच्यावर राग आला नाही, स्वतःची लाज वाटली, कारण 1994 साली बोगोटाचे नाव कोणी सांगितले असते तर मीही काचेच्याच बाजूने उभा राहिलो असतो.

आता पुण्याकडे येतो. कोथरूड, सहकारनगर, औंध येथील अनेक घरांत आज एकटी आजी किंवा एकटे आजोबा आहेत, मुले परदेशी आहेत, आणि कितीही पैसा खर्च केला तरी संध्याकाळचे पाच ते आठ हे तास सरत नाहीत. हा श्रीमंत देशाचा प्रश्न आपल्या शहरात येऊन राहिला आहे. पर्वतीच्या पायथ्याच्या वस्तीत तो याच रूपात आढळत नाही, कारण तेथे ओटा आहे, नळावरची गर्दी आहे, शेजारणीचा दरारा आहे. 2008 पासून ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या कचरावेचक ताई घरोघरी कचरा घेतात. ज्या घरी त्या नेमाने जातात, तेथील आजी दोन दिवस दार उघडत नाहीत हे पहिल्यांदा त्यांनाच कळत असणार. हे कळणे आज कोणाच्याही कामात धरलेले नाही. ते धरावे, त्याचा रीतसर मोबदला द्यावा, आणि वस्तीतील जाणत्या बायकांना प्रशिक्षण देऊन सोसायट्यांच्या आवारात बाक मांडावेत, अशी माझी सूचना आहे.

व्याख्यानानंतर एका बाईंनी विचारले की, शिकलेली, मानी माणसे वस्तीतल्या बाईपाशी येऊन मन मोकळे करतील का. त्यांची शंका रास्त होती. हरारेत सुरुवातीला त्या बाकाला ‘मानसिक आरोग्याचा बाक’ म्हणत असत, आणि त्यावर कोणीही येऊन बसत नव्हते. आज्यांनीच चिबांडांना सांगितले की हे नाव काढा, याला मैत्रीचा बाक म्हणा. त्यानंतर लोक येऊ लागले. कोथरूडमध्ये त्या बाकाला काय म्हणावे हे मला ठाऊक नाही, आणि ते मी ठरवूही नये. ज्या ताई तेथे बसणार आहेत त्यांना आधी विचारावे, आणि त्या जे नाव सांगतील तेच पाटीवर रंगवावे, असे मी त्या बाईंना सांगितले.