कॉमिक्सच्या दुकानदाराला तुमचं नाव पाठ का असायचं?

नमस्कार मंडळी!

अमेरिकेत एखादं जुनं कॉमिक्सचं दुकान बंद पडलं की लोक त्याच्या आठवणी लिहितात. त्या वाचताना एक गोष्ट हमखास जाणवते. दुकानाचं वर्णन दोन ओळींत उरकतं आणि पुढे सगळा मालकच असतो. तो किती बोलायचा, कुठला अंक बाजूला काढून ठेवायचा, "हे ने, वाचून बघ" म्हणत त्याने पहिल्यांदा काय हातात ठेवलं होतं. मला या माणसांबद्दल फार प्रेम आहे. आणि मला वाटतं, ही आपुलकी फक्त स्वभावातून आली नव्हती. गिऱ्हाईक ओळखल्याशिवाय दुकान चालणारच नाही, असा तो धंदाच होता.

कसा, ते सांगतो. पूर्वी कॉमिक्स मिळायची ती पेपरच्या स्टॉलवर आणि औषधांच्या दुकानांत. न खपलेल्या अंकांचे पैसे विक्रेत्याला परत मिळायचे, त्यामुळे कोण काय वाचतं याच्याशी त्याला देणंघेणं नव्हतं. मग 1972-73 च्या सुमारास ब्रुकलिनमधला इंग्रजीचा एक शिक्षक, फिल सूलिंग, प्रकाशकांकडे गेला. त्याचं म्हणणं साधं होतं: माल थेट मला द्या, सवलत जास्त द्या, त्या बदल्यात न खपलेला माल मी परत करणार नाही. यालाच पुढे डायरेक्ट मार्केट म्हणायला लागले, आणि फक्त कॉमिक्स विकणारी हजारो दुकानं याच अटीवर उभी राहिली.

आता दुकानदाराच्या बाजूने हिशेब मांडा. समजा, त्याने एका अंकाच्या दहा प्रती निम्म्या किमतीत घेतल्या. पहिल्या पाच विकल्या तेव्हा कुठे घातलेले पैसे सुटले. पुढच्या तीन भाड्यात आणि लाइटबिलात गेल्या. त्याची कमाई शेवटच्या दोन प्रतींत. त्या अंगावर पडल्या की महिनाभर राबून हातात शून्य. शिवाय ऑर्डर द्यायची साधारण दोन महिने आधी, कॅटलॉगमधलं एक चित्र आणि चार ओळी वाचून! अंक चांगला निघेल की नाही, हे त्यालाही माहीत नसायचं. त्याला माहीत असायची ती त्याची माणसं.

म्हणून पुल लिस्ट आली. तुम्ही कुठल्या मालिका घेता ते दुकानदार लिहून ठेवतो आणि दर आठवड्याला तेवढे अंक तुमच्या नावाच्या फोल्डरमध्ये घालतो. बुधवार हा नव्या अंकांचा दिवस. खोकी फोडायची, बिलाशी ताडून अंक मोजायचे, कोपरे दुमडलेले वेगळे काढायचे, मग एकेका फोल्डरमध्ये टाकत जायचं. हे करता करता गिऱ्हाइकांची आवड तोंडपाठ होते. कुणी एखादी मालिका सोडली, कुणी तीन आठवडे फिरकलंच नाही, हे आधी त्याच्या लक्षात येतं. "बरा आहेस ना?" हा प्रश्न गल्ल्यामागून येतो तो असा.

दोन मालकांबद्दल सांगितल्याशिवाय मला पुढे जाववत नाही.

पहिला गॅरी आर्लिंग्टन. 1968 मध्ये त्याने सॅन फ्रान्सिस्कोच्या मिशन भागात सॅन फ्रान्सिस्को कॉमिक बुक कंपनी नावाचं दुकान काढलं. केवळ कॉमिक्स विकणाऱ्या अमेरिकेतल्या अगदी सुरुवातीच्या दुकानांपैकी हे एक. सुरुवातीचा माल म्हणजे त्याचा स्वतःचा संग्रह. जागा एवढीशी, पण अंडरग्राउंड कॉमिक्स, म्हणजे मोठ्या प्रकाशकांना टाळून आपल्या मर्जीने काढलेली कॉमिक्स, काढणाऱ्या चित्रकारांचा तो अड्डा झाला. गॅरी त्यांची पुस्तकं विकायचा आणि काही स्वतः छापायचासुद्धा. एका पूर्ण चळवळीला बसायला जागा या माणसाने दिली. दुकान 2007 मध्ये बंद झालं. 2014 मध्ये तो गेला.

दुसरा सॅन फ्रान्सिस्कोजवळच्या बर्कलीचा रोरी रूट, डोक्यावर कायम हॅट. 1987 मध्ये त्याने कॉमिक रिलीफ सुरू केलं. बहुतेक दुकानं ताज्या अंकांवर चालत होती तेव्हा हा माणूस ग्राफिक नॉव्हेल्सनी, म्हणजे पुस्तकाएवढ्या लांबीच्या कॉमिक्सनी, शेल्फं भरत होता. कुणी घरी झेरॉक्स काढून पिना मारलेलं छोटं कॉमिक घेऊन आला, तर तेही विकायला ठेवायचा. ग्रंथपालांना गाठून कुठली कॉमिक्स घ्यावीत ते समजावायचा. आज तिथल्या सार्वजनिक वाचनालयांत कॉमिक्सची कपाटं दिसतात, त्यात रोरीसारख्यांच्या या खटपटीचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे. 2008 मध्ये पन्नाशीतच तो गेला, आणि तीन वर्षांत दुकानही मिटलं. माल तोच, पाटी तीच, पण धंदा ज्याच्या डोक्यात होता तो माणूस नव्हता.

बाकीची दुकानं का गेली? सगळ्यात मोठी पडझड नव्वदच्या दशकातली. 1991 मध्ये 'एक्स-मेन'च्या नव्या पहिल्या अंकाच्या 80 लाखांवर प्रती दुकानांनी मागवल्या. पुढे किंमत चढेल या आशेने लोक एकच अंक पाच-पाच मुखपृष्ठांत घेत होते. हे गिऱ्हाईक वाचणारं नव्हतं. त्याची पुल लिस्ट नव्हती, आवडनिवड नव्हती, आणि ते निघून गेलं तेव्हा सांगूनही गेलं नाही. 1993 च्या 'डेथमेट' या गाजावाजा झालेल्या मालिकेचे काही भाग महिनोन्महिने उशिरा आले, तोवर मागणी आटली होती. पैसे अडकले आणि माल परत जाणार नव्हता. हजारो दुकानं बसली. त्यातच 'एक्स-मेन' काढणाऱ्या मार्व्हलने दुकानांना माल पुरवणारी एक वितरण कंपनीच विकत घेतली, त्या धुमश्चक्रीत बाकीचे वितरक संपले आणि डायमंड हा एकच मोठा वितरक उरला. त्यानेही जानेवारी 2025 मध्ये दिवाळखोरी जाहीर केली.

एक गोष्ट मात्र स्पष्ट सांगायला हवी. प्रत्येक दुकान प्रेमळ नव्हतं. कितीतरी ठिकाणी मुलगी आत आली की सगळे वळून बघायचे, नव्या माणसाला "तुला काय कळतंय" अशी वागणूक मिळायची. बायका आणि मुलींना कॉमिक्सच्या जगात जागा मिळावी म्हणून 1994 मध्ये फ्रेंड्स ऑफ लुलू ही संघटना काढावी लागली. आठवणी लिहिताना हेही लिहिलं गेलं पाहिजे. ज्यांना दारातूनच परत जावं लागलं, त्यांच्याकडे सांगायला गोड आठवण नाही.

आणि हा व्हिडिओ बघणाऱ्यांपैकी कुणाची आजही कुठल्या दुकानात पुल लिस्ट असेल, तर एक विनंती. एखादी मालिका सोडायची असेल किंवा गाव बदलणार असाल, तर मालकाला आजच सांगा. पुढच्या दोन महिन्यांचे अंक त्याने तुमच्या भरवशावर आधीच मागवलेत.