रिकामी गव्हाण

(आगमनकाळाच्या पहिल्या आठवड्यात मुंबईतील एका धर्मग्रामात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप)

बंधू-भगिनींनो,

येताना मी पाहिले, दुकानांबाहेर तारे आणि दिव्यांच्या माळा लागल्या आहेत, आणि आपल्यापैकी अनेकांच्या घरी केकचा सुकामेवा एव्हाना भिजत पडला असेल. त्याविषयी माझी तक्रार नाही. ज्या घरात नेवऱ्या मुरडायला आजी, सून आणि नात एका चटईवर बसतात, त्या घरात सणाची बरीचशी तयारी झालेलीच असते. मला आज बोलायचे आहे ते उरलेल्या तयारीविषयी, जी बाजारातून आणता येत नाही.

आगमनकाळ नाताळापूर्वीच्या चार रविवारांचा. तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान येणाऱ्या रविवारी सुरू होतो आणि त्या त्या वर्षीच्या वारांनुसार २२ ते २८ दिवस चालतो. १६ डिसेंबरपर्यंतची उपासना प्रभूच्या पुनरागमनाकडे अधिक पाहते आणि १७ तारखेपासून ती बेथलेहेमकडे वळते. या दिवसांत धर्मगुरूंचा पोशाख जांभळा असतो आणि रविवारच्या मिस्सेत, म्हणजे चर्चमधील सामुदायिक उपासनेत, महिमास्तोत्र गायले जात नाही. मात्र ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात जो ‘आलेलुया’ हा जयघोष थांबतो, तो आगमनकाळात थांबत नाही. हा फरक मला फार मोलाचा वाटतो. आगमनकाळात पश्चात्ताप आहे, पण तो घरी कुणी येणार असल्याच्या आनंदातून उमटलेला पश्चात्ताप आहे.

येणाऱ्याला जागा लागते, आणि जागा म्हणजे काय हे मुंबईकराला कुणी शिकवावे लागत नाही. चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत गावाहून पाहुणा यायचा झाला, की ट्रंक खाटेखाली सरकते, अभ्यासाची पुस्तके माळ्यावर जातात, घरातला मोठा मुलगा गॅलरीत अंथरूण घालतो. पाहुण्यासाठी नवी खोली कुणी बांधत नाही. प्रत्येक जण आपल्या वाट्यातले थोडे सोडतो आणि त्या सोडण्यातून जागा निघते.

लूकच्या शुभवर्तमानातले ते वाक्य आपल्याला पाठ आहे: उतारशाळेत त्यांना जागा नव्हती. नाताळच्या नाटकांत आपण एक कठोर उतारशाळावाला उभा करतो आणि तो योसेफ-मरियेला दारातून परत पाठवतो; परंतु शुभवर्तमानात असा कुणी माणूस नाही. तिथे जो मूळ ग्रीक शब्द आहे, तोच लूक पुढे बाविसाव्या अध्यायात प्रभूने शेवटचे भोजन घेतले त्या पाहुण्यांच्या खोलीसाठी वापरतो. म्हणून अनेक अभ्यासकांना वाटते, की बेथलेहेमात नावनोंदणीसाठी आलेल्या माणसांनी एखाद्या घराची पाहुण्यांची खोली भरून गेली असावी आणि त्याच घरात जनावरे बांधण्याच्या भागात बाळाला गव्हाणीत निजवले असावे. हे खरे मानले, तर त्या रात्री कुणी दुष्टपणे दार लावले नव्हते. घर फक्त भरलेले होते. मला हे अधिक अस्वस्थ करते, कारण दुष्ट उतारशाळावाल्यापासून मी स्वतःला सहज वेगळा काढू शकतो, भरलेल्या घरापासून नाही काढू शकत.

मग जागा कशी करायची? हाच प्रश्न लोकांनी यार्देन नदीकाठी बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाला विचारला होता: ‘मग आम्ही काय करावे?’ योहानाने त्यांना दीर्घ ध्यान सांगितले नाही, यात्रा सांगितली नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने एक द्यावा. जकातदारांना म्हणाला, ठरल्यापेक्षा अधिक घेऊ नका. शिपायांना म्हणाला, दंडेली करू नका आणि आपल्या पगारात समाधानी राहा. कुणालाही त्याने आपला धंदा सोडायला सांगितले नाही, पण प्रत्येकाला त्याच्या धंद्यातले नेमके पाप दाखवले. तीन वर्षांच्या वाचनचक्रात एका वर्षी हा उतारा आगमनकाळाच्या तिसऱ्या रविवारी वाचला जातो, आणि आगमनकाळात दर रविवारी पेटवल्या जाणाऱ्या मेणबत्त्यांपैकी तो रविवार तर आनंदाचा, गुलाबी मेणबत्तीचा! त्याच दिवशी हा हिशेब का, असे मला तरुणपणी वाटे. आता कळते, की देणे फिटल्यावर जो श्वास मोकळा होतो, तो आनंदाचाच भाग आहे.

योहान आज इथे आला, तर आपल्यालाही धंद्याप्रमाणे उत्तर देईल. घर सोडून गेलेल्या भाडेकरूचे अडकवलेले डिपॉझिट परत कर, म्हणेल. आपल्या घरी भांडी घासणाऱ्या ताईंना सणाच्या आठवड्यात दुप्पट काम सांगतोस, तर दुप्पट पैसेही दे. वडिलांच्या खोलीवरून भावाशी बोलणे तुटले आहे, तर नाताळच्या दिवशी केकचा डबा पाठवून भागवू नकोस. आजच फोन कर, आणि त्याने उचलला नाही तर उद्या पुन्हा कर. पापनिवेदनाला जाण्याआधी ही एवढी यादी प्रत्येकाने आपापल्या नावाने लिहून काढावी, ही माझी कळकळीची विनंती आहे. प्रार्थना तर करावीच. पण ज्याचे आपण देणे लागतो, त्याचे नाव प्रार्थनेत येऊ लागले, की ती प्रार्थना आपल्याला उठून बाहेर जायला लावते.

आमच्या घरी नाताळचा गोठा, म्हणजे येशूजन्माचा देखावा, डिसेंबरच्या सुरुवातीलाच मांडला जाई. मेंढपाळ, गाय, गाढव, मरिया, योसेफ, सारे आपापल्या जागी असत, पण गव्हाण रिकामी असे. बाळाची मूर्ती आजी कापसात गुंडाळून कपाटात ठेवी. आम्हा मुलांपैकी कुणी भांडण मिटवले, कुणी आपला खाऊ दुसऱ्याला दिला, तर आजी त्याच्या हातात पेंढ्याची एक काडी देई आणि ती गव्हाणीत ठेवायला सांगे. काही वर्षी पेंढा पुरेसा होई, काही वर्षी गव्हाणीचा तळ दिसत राही. चोवीस तारखेला मध्यरात्रीच्या मिस्सेवरून परतल्यावर आजी कपाट उघडी, कापूस सोडी, आणि जेवढा पेंढा आम्ही जमवला असेल, तेवढ्यावरच बाळाला निजवी.